ज्वारी गेली, पोतं आलं : घरच्या कोंबडीच्या दाण्याचा इतिहास



पुस्तकातल्या इतिहासात आपल्या साखरखेर्ड्याचं नाव १७२४ च्या लढाईसाठी येतं. निजामानं इथं मुबारिझखानाला हरवलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा करून टाकलं. त्या लढाईवर लोकांनी लिहून ठेवलं. आपल्या दारातली कोंबडी काय खात आली, हे मात्र कोणी लिहिलं नाही. आणि विचारणा तर त्याचीच होते : कोंबड्यायले कोणतं खाद्य देऊ, अन् एका खाद्यावरून दुसऱ्यावर कधी नेऊ? नुसता तक्ता देऊन मोकळं होता येतं. पण दाणा कसकसा बदलत आला हे कळलं की तक्ता डोक्यात पक्का बसतो. म्हणून आज थोडं मागून सुरू करतो.

खळ्याचा काळ

आपल्या भागात कोंबडीसाठी दाणा विकत आणायची रीतच नव्हती. खरिपाची ज्वारी घरोघरी. खळ्यावर बैलांची पात फिरायची, उफणणी व्हायची, चांगला माल कणगीत जायचा आणि खाली मातेरं उरायचं. त्यात बारीक ज्वारी, फुटका दाणा, तणाचं बी सगळं असायचं. ते मातेरं कोंबड्यांचं. बाकी दिवसभर उकिरडा, गोठा, कुपाटी. शेणातले किडे, वाळवी, नाकतोडे, कोवळं गवत. दिवस मावळला की खुराड्यात.

आता याचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम आणि कॅल्शियम अवघं २५ मिलिग्रॅमच्या आसपास. एका अंड्याच्या टरफलात कॅल्शियम लागतं जवळपास २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम. नुसत्या ज्वारीवर कोंबडीनं टरफल बनवायचं कशातून? ते यायचं चुनखडीच्या खड्यातून, पडक्या भिंतीच्या चुन्यातून आणि थोडं तिच्या स्वतःच्या हाडातून. प्रथिनं किड्यांतून, जीवनसत्त्वं पाल्यातून. गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी द्यायची, दहा-पंधरा झाली की खुडूक बसायची. तेवढ्याला हे सगळं पुरत होतं. ज्वारी तिचं पोट भरत होती, आणि तिला खरं पोसत होता उकिरडा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामी येणार आहे.

दाणा बदलला आणि रोग गेला

फक्त पोट भरलं म्हणजे कोंबडी पोसली असं होत नाही, हे जगाला एका कोंबड्यांच्या खुराड्यानंच शिकवलं. जावा बेटावर, आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या बटाव्हियात, १८९० च्या सुमारास आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या माणसांच्या रोगावर काम करत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडायला लागले. त्याला वाटलं जंतू असतील. मग कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नंतर स्वयंपाकी बदलला. लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना कशाला, म्हणून त्यानं भात बंद केला. कोंबड्या परत कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. कोंड्यात जे होतं त्याला पुढं ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळालं. आयकमनला १९२९ चं नोबेल मिळालं.

आजही बऱ्याच घरी कोंबड्यांपुढं पांढऱ्या तांदळाची कणी आणि उरलेला भातच पडतो. मोकळी फिरणारी कोंबडी बाहेरून भरपाई करते. जाळीत कोंडलेली कुठून करणार?

हायब्रीड ज्वारी आणि काळा दाणा

१९६४ साली देशातली पहिली हायब्रीड ज्वारी आली, सीएसएच-१. उतारा वाढला. पण ही ज्वारी लवकर कापणीला यायची, आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस. कणसं काळी पडायची. घरात भाकरीला नको असलेली ती काळी ज्वारी जनावरांना आणि कोंबड्यांना गेली. ‘कोंबडी काहीही खाते’ हा समज तिथं आणखी घट्ट झाला.

बुरशीच्या दाण्यात काय असू शकतं ते जगाला नुकतंच कळलं होतं. १९६० साली इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. कारण निघालं ब्राझीलमधून आलेली भुईमुगाची पेंड. त्या पेंडीवरच्या बुरशीनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार केलं होतं. लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. शंभरावर माणसं कावीळ होऊन गेली. हे विष उकळून, वाळवून जात नाही. काळा, कुबट, जाळी धरलेला दाणा कोंबडीलाही द्यायचा नाही. उकिरड्यावरही उघडा टाकू नका, कोंबडी तिथंच चरते.

नवीन पक्षी, नवीन भूक

त्याच सुमाराला सरकारी योजनांतून व्हाईट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड गावोगाव आले. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये अंड्याचा भाव व्यापाऱ्यानं न ठरवता उत्पादकानं ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. पुढं बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आली, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज आली. दिसायला रंगीत, गावरानासारखे, पण अंडी शंभराच्या वर.

इथं आपल्या लोकांचा हिशेब चुकला. पक्षी बदलला, दाणा तोच राहिला. ५० अंड्यांना पुरणारा उकिरडा १५० अंड्यांना पुरत नाही. मग टरफल पातळ, पाय लंगडे, आणि लोकं म्हणायची, ‘सरकारी कोंबडी टिकत नाही.’ कोंबडीत खोट नव्हती, तिला लागणारा कच्चा माल कमी पडत होता.

सोयाबीन आलं, खळं गेलं

१९८०-९० नंतर आपल्या शिवारात सोयाबीन शिरलं. १९९४ च्या जेएस-३३५ वाणानं तर ज्वारीची जागाच घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, खळं गेलं, मातेरं गेलं. मळणी थ्रेशरनं आणि आता हार्वेस्टरनं. तणनाशकानं धुऱ्यावरचं गवत आणि त्यातले किडे कमी केले. म्हणजे पोट भरणारी ज्वारी गेली आणि पोसणारा उकिरडाही आटला.

बदल्यात घरात प्रथिनांचा ढीग आला. सोयाबीनमध्ये प्रथिनं जवळपास ४० टक्के. पण त्यात एक गोम आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवून दिलं तर वाढतात. कोंबडीचंही तसंच, त्यातल्या त्यात पिल्लांचं. खळ्यावर सांडलेले चार दाणे टिपले तर काही होत नाही, पण रोजचा दाणा म्हणून कच्चं सोयाबीन टाकू नका. नीट भाजून भरडलेलं चालतं. कारखान्याची पेंड उष्णता देऊनच निघते.

सरकीच्या ढेपेचंही सांगतो. गाई-म्हशीला ती चालते. कोंबडीच्या अंड्यात मात्र सरकीतल्या गॉसिपॉलमुळे बलक ठेवल्यावर हिरवट-तपकिरी होतो. गिऱ्हाईक अंडं परत आणून देतं आणि दोष कोंबडीवर जातो.

पोत्याचा भाव आणि आपला भाव

दुकानातलं पोतं उघडून पाहा. मुख्य माल मका आणि सोयापेंड. म्हणजे आपण बाजार समितीत घातलेला मालच भरडून, शिवून परत आपल्याकडं येतो. म्हणून पोत्याचा इतिहास हा आपल्या भावाचाही इतिहास आहे.

२०२० च्या सुरुवातीला ‘चिकननं कोरोना होतो’ ही अफवा पसरली. कोंबड्या फुकट वाटायची वेळ आली आणि पाठोपाठ मक्याचा भाव पडला. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं, त्यांनी मागणी केली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. आपलं नवीन सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. आता मका इथेनॉलला जातो, आणि इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात सोयापेंडीची जागा घेतोय. सोयाबीनच्या भावावर त्याचा दाब आहेच. शिवाय मक्यात बुरशीचं विष असेल तर चोथ्यात ते तिपटीच्या आसपास एकवटतं.

पोल्ट्रीवाला जगला पाहिजे, तो आपलं गिऱ्हाईक आहे. पण घरी दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या हातात अंड्याचे पैसे राहायचे असतील, तर तिनं सगळा दाणा पोत्यातून घेणं परवडत नाही. आणि सगळा दाणा घरचाच देणं आता कोंबडीला परवडत नाही. मार्ग मधला आहे.

मग निवडायचं कसं, बदलायचं कसं

१. पिल्लं (पहिले दोन महिने) : इथं काटकसर करू नका. २० टक्के किंवा जास्त प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्या. घरच्या भरड्यावर पिल्लू जगेल, पण वाढ खुंटेल.

२. तलंगा (दोन महिन्यांपासून अंड्यावर येईपर्यंत) : साधारण १६ टक्के प्रथिनांचं वाढीचं खाद्य. मोकळ्या फिरत असतील तर घरची ज्वारी, मका, बाजरी यांचा भरडा हळूहळू वाढवता येतो.

३. अंड्यावरच्या कोंबड्या : अंड्याच्या खाद्यात कॅल्शियम ३ ते ४ टक्के असतं. पहिली अंडी दिसायला लागली की त्यावर न्या, आधी नको. पिल्लं-तलंगांना एवढं कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंड खराब होतं.

४. लहान-मोठ्या एकत्र असतील तर : सगळ्यांना वाढीचं खाद्य ठेवा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. ज्या कोंबडीला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते.

५. ब्रॉयलरचं खाद्य : दुकानात तेच सहज मिळतं म्हणून अंड्याच्या कोंबडीला देऊ नका. कोंबडी चरबी धरते. शिवाय काही पोत्यांत रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असतं. पोत्यावरची चिठ्ठी आणि तारीख वाचूनच घ्या.

६. किती द्यायचं : कोंडून ठेवलेल्या अंड्याच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम पूर्ण खाद्य. दिवसभर चरणाऱ्या गावरान कोंबडीला ३० ते ५० ग्रॅम वरचा दाणा, तोही संध्याकाळी. सकाळी पोट भरलं तर ती चरायला जात नाही.

७. बदल : एका दिवसात कधीच नाही. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवीन. पुढचे दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं. मग एक भाग जुनं, तीन भाग नवीन. आठ-दहा दिवसांत पूर्ण नवीन. एकदम बदललं तर कोंबडी खाणं टाकते, पातळ हगते, अंडी बंद करते. भर उन्हाळ्याच्या लाटेत, लस टोचल्याच्या आठवड्यात किंवा पीसं झडताना बदल टाळा.

८. कोंडलेल्या कोंबडीला आख्खा दाणा देत असाल तर बारीक खडे हवेतच. तिला दात नाहीत, दळण खड्यांनीच होतं. आणि रोज मेथी, पालक, शेवग्याचा पाला. बलकाचा पिवळा रंग पांढऱ्या ज्वारीतून येत नाही. तो पाल्यातून येतो किंवा मक्यातून.

शेवटी एक सुचवणं. यंदा पेरणीला धुऱ्याकडून चार तासं ज्वारीची टाका. पाखरं थोडं खातील, खाऊ द्या. उरलेल्यात घरच्या दहा कोंबड्यांचा संध्याकाळचा दाणा बराचसा निघतो, जनावराला कडबा मिळतो, आणि पोतं लागतं ते फक्त पिल्लांपुरतं आणि अंड्याच्या दिवसांपुरतं. ज्यांनी असं करून पाहिलं असेल त्यांनी किती ज्वारी झाली, किती पोती वाचली, आकड्यासकट लिहा. बाकीच्यांच्या कामी येईल.