नावं वाचणं: गोव्याच्या कोन्फ्रारिया, मुंबईतल्या कुडी आणि त्यांचे दिवंगत सभासद

मागच्या वेळी आपण मृत्यूविषयी ग्रीकांनी काय विचार केला ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "सर, माणूस गेल्यावर घरच्यांना त्याची आठवण येते हे समजतं. पण एखादी संस्था आपल्या गेलेल्या सभासदाची आठवण ठेवते, तेव्हा नेमकं कोण आठवत असतं?" मी तेव्हा घाईत होतो, काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. आज जरा नीट देतो. त्यासाठी मुंबईत धोबीतलावला जायचं आहे, पण वाट थोडी लांबची आहे, लिस्बन आणि गोव्यावरून जाणारी.

आपल्याकडे मेलेल्याला आठवायची जबाबदारी कोणाची? मुलाची. श्राद्धात बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या नावानिशी येतात. ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. निपुत्रिक गेला त्याच्यासाठीही तर्पणात पाणी सोडायची सोय आहे, ते आपल्या पूर्वजांना सुचलं होतं हे कबूल केलं पाहिजे. पण त्याला तिथे नाव नाही. ते पाणी घाऊक आहे. नाव रक्ताच्या वाटेनंच येतं.

युरोपात मध्ययुगात या व्यवस्थेला एक जोड मिळाली. कॅथलिक धर्मसमजुतीप्रमाणे बहुतेक सामान्य माणसं मेल्यावर सरळ स्वर्गातही जात नाहीत आणि नरकातही नाहीत. मध्ये एक शुद्धी होण्याची अवस्था असते आणि तिथल्या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो. हे नुसतं लोकमानसात होतं असं नाही, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ साली ते पुन्हा ठामपणे मांडलं. आता याचा सामाजिक परिणाम बघा. मेलेल्याला माझी गरज आहे असं एकदा मानलं की पुढचा प्रश्न येतो: ज्याला मूलबाळ नाही, जो परगावी मेला, त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? मठांनी आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं. क्लूनीच्या मठात मृतांच्या नावांच्या याद्या असत आणि त्या त्या दिवशी ती नावं वाचली जात. २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवसही क्लूनीच्याच ओदिलो नावाच्या मठाधिपतीनं अकराव्या शतकाच्या सुमारास रुजवला. पण संसारी माणसानं काय करायचं? त्यानं मंडळी काढली. बंधुमंडळ. आपण भिशी काढतो तशी, फक्त ही भिशी मरणाची.

पोर्तुगालमध्ये १४९८ साली राणी लिओनोर हिनं लिस्बनला 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे दयेचं बंधुमंडळ, स्थापन केलं. वास्को द गामा कालिकतला पोचला तेच हे साल. दयेची चौदा कामं सांगितलेली आहेत, सात देहाची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र वगैरे करत करत देहाच्या कामांतलं सातवं येतं ते मृताला पुरण्याचं. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हे मंडळ गेलं: गोवा, चौल, वसई, मकाव. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली हे आपण शाळेत शिकलो. त्या कोटाच्या आत अशीही एक संस्था होती, हे शाळेत कोणी सांगत नाही.

या मंडळाचं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. आशियात मेलेल्या पोर्तुगीजाची मालमत्ता पोर्तुगालातल्या त्याच्या वारसांपर्यंत पोचवणं. माणूस मेला मकावला, बायको कुठल्यातरी खेड्यात, मध्ये दीड-दोन वर्षांचा समुद्रप्रवास. मंडळ मृत्युपत्र जपून ठेवणार, हिशेब लावणार, पैसे पाठवणार. म्हणजे इथे आठवण ठेवणं हे एक कारकुनी काम आहे. भावनेचा भाग असेल तो असेल, पण आधी वही पाहिजे, आणि वही लिहिणारा इमानदार पाहिजे.

गोव्यात गावोगावी चर्चला जोडून कोन्फ्रारिया उभ्या राहिल्या. प्रत्येकीची लिखित घटना, तिला 'कोम्प्रोमिसो' म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ वचन, बांधिलकी. सभासदाला 'कोंफ्राद'. सणाच्या मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत पांढरा झगा आणि त्यावर खांद्यांवरून रंगीत आखूड वस्त्र घालून कोंफ्राद चालताना आजही दिसतात. सभासद गेला की बाकीच्यांनी अंत्ययात्रेला यायचं, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा व्हायची. हा उपकार नव्हे. त्यानं वर्गणी भरलेली असते, त्याचा तो हक्क असतो.

आणि इथेच दुखरी जागा आहे. बंधुमंडळ म्हटलं की बंधू कोण हे ठरवावं लागतं. गोव्यात ते जातीनं ठरलं. एक कोन्फ्रारिया ब्राह्मण ख्रिश्चनांची, दुसरी चारडोंची, तिसरी सूदिरांची, आणि कोणत्या रंगाचं वस्त्र कोणी घालायचं, मिरवणुकीत पुढे कोण, यावरून विसाव्या शतकापर्यंत भांडणं. देवापुढे सगळे आत्मे सारखे असं शिकवणारा धर्म, आणि त्या आत्म्यांच्या प्रार्थनेसाठी रांगा मात्र वेगळ्या! मी हे कोणाला हिणवायला सांगत नाही. आपल्या गावच्या स्मशानांचा इतिहास काढला तर आपल्यालाही मान खाली घालावी लागेल.

आता धोबीतलाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्याची माणसं पोटासाठी मुंबईत येऊ लागली. स्वयंपाकी, बटलर, बँडवाले, शिंपी, आणि सर्वांत मोठ्या संख्येनं आगबोटींवरचे खलाशी, कोकणीत 'तारवटी'. जहाजावर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर आपले रत्नागिरीकडचे, भट्टीखान्यात पंजाबकडचे, आणि भटारखाना व जेवणाचं दालन गोवेकरांकडे. दोन सफरींच्या मध्ये राहायचं कुठे? म्हणून प्रत्येक गावानं मुंबईत खोली घेतली. ती 'कूड'. धोबीतलाव, डाबूल, कावेल, माझगाव इकडे अशा कुडी शेकड्यांनी होत्या. एकट्या जेर महाल इमारतीत कितीतरी. भाडं नाममात्र, भिंतीशी पेट्यांची चळत, एका टोकाला गावच्या संताची वेदी, रात्री आठच्या सुमारास सगळ्यांनी गुडघ्यावर बसून म्हणायची रोझरी. गावचं फेस्त इथेही साजरं व्हायचं. थोडक्यात, गावाची कोन्फ्रारिया आगगाडीत बसून मुंबईला आली होती. येताना जातही घेऊन आली. काही गावांच्या दोन-दोन कुडी होत्या, आणि त्या दोन का, हे गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे.

कोकणीत कूड म्हणजे खोली, आणि कूड म्हणजे शरीरसुद्धा. मराठीतही 'कुडीत प्राण आहे तोवर' म्हणतोच की आपण. मी शब्दांच्या व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान काढणाऱ्यांपैकी नाही, ती एक जर्मन खोड आहे. पण समुद्रात मेलेल्या माणसाच्या बाबतीत हा योगायोग डोक्यातून जात नाही. त्याचं शरीर परत येत नाही. परत येण्यासारखी जागा एकच उरते, ती खोली. तिथे त्याची पेटी असते.

आणि समुद्रात मेलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये. किती जणांनी पाहिलंय? एकही हात वर नाही. मीही साठी उलटल्यावर पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांच्या आसपास माणसांची नोंद दोन ठिकाणी आहे, मुंबईत आणि चितगावात. मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' ही आगबोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीनं बुडवली; २८० माणसं गेली. त्यांच्या कुटुंबीयांचा मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला तो २०२२ साली. ऐंशी वर्षांनी.

सरकारी स्मारकाला माझा विरोध नाही. पण ते आठवण ठेवतं ती युद्धात मेल्याबद्दल. जो स्वयंपाकी बंदरात कॉलऱ्यानं मेला, जो म्हातारा होऊन कुडीतल्या खाटेवर मेला, तो त्या यादीत येत नाही. कुडीच्या वहीत येतो.

ही वही मी पाहिली आहे. नव्वदच्या दशकात साष्टीकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे एम. ए. करत होता. तो मला नोव्हेंबर महिन्यात आपल्या गावच्या कुडीत घेऊन गेला. दिवंगत सभासदांची प्रार्थना होती, आणि "आमचे सर फिलॉसॉफीचे डॉक्टर आहेत, ते दोन शब्द बोलतील" असं त्यानं परस्पर सांगून टाकलं होतं. मी तयारी करून गेलो. प्लेटो, हायडेगर, सगळा दारूगोळा बरोबर. रोझरी झाली आणि व्यवस्थापक म्हातारबाबांनी माझ्यापुढे एक लांबट, हिशेबाच्या असते तशी वही ठेवली. म्हणाले, "सर, भाषण मागीर. आधी नांवां वाचात." मी वाचायला लागलो. नाव, बापाचं नाव, वाडा, वर्ष. काही ठिकाणी जहाजाचं नाव. बाकी काही नाही. चांगला होता की वाईट, दारू प्यायचा की पैसे साठवायचा, एक अक्षर नाही. वीस मिनिटं लागली. एका नावाचा उच्चार मी चुकवला, तर मागून एक पोरगा, विशीचासुद्धा नसेल, त्यानं तो सुधारला. मी विचारलं, तुझे कोण? म्हणाला, कोणी नाही, दरवर्षी ऐकतो ना.

भाषण मी केलंच नाही. करण्यासारखं राहिलं नव्हतं.

त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पोराच्या वाक्यात दिसतं. कोण आठवतं? ज्यानं त्याला पाहिलेलं नाही तो. म्हणजे ही आठवण आपण ज्याला मनातली आठवण म्हणतो ती नव्हेच. हा पाळलेला शब्द आहे. आणि म्हणून तिथे गुणवर्णनाला जागा नाही. मृत्युलेखात आपण माणसाला आठवण्यालायक ठरवून मग आठवतो. वहीत त्यानं फक्त सभासद असायला हवं. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग यात त्याचं आयुष्य कुठे आलं? नुसती नावं! बरोबर आहे. इतिहासाला वहीतलं नाव पुरत नाही. आणि जी नावं वहीतच नाहीत त्यांचं काय? बहुतेक कुडी पुरुषांच्या. गावात एकटीनं शेत आणि पोरं सांभाळणारी त्या तारवट्याची बायको या वहीत कुठेच नाही.

तिची आठवण झालेला एक माणूस अमेरिकेत झाला, त्याच्याबद्दल दोन वाक्यं. मायकेल मॅकगिव्हनी, आयरिश मजुराचा मुलगा. तो धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना १८७३ साली बाप वारला आणि शिक्षण सोडून घरी यायची वेळ आली. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यानं १८८२ साली न्यू हेवन गावात 'नाइट्स ऑफ कोलंबस' हे बंधुमंडळ काढलं, ते मुळात सभासदाच्या विधवेला आणि मुलांना पैसे मिळावेत म्हणून. स्वतः अडतिसाव्या वर्षी वारला. त्याचं मंडळ आज विमा कंपनीसारखं अवाढव्य आहे, पण बी तेच, जे लिस्बनच्या मृत्युपत्रांत होतं. मेलेल्याला आठवायचं तर त्याच्या मागे राहिलेल्यांचा हिशेब लावायचा.

आता माझी एक चूक सांगतो. त्या रात्री मी म्हातारबाबांना शब्द दिला होता की वहीची नक्कल करून देतो, आणि जमलं तर चार जुन्या सभासदांना भेटून नावांपुढे दोन-दोन ओळी लिहून देतो. कोणत्या जहाजावर होता, काय रांधायचा, कोणाला नोकरी लावून दिली. ते फार खूश झाले होते. मग परीक्षा आल्या, मग माझी निवृत्ती, मग गुडघे. दिलेला शब्द पाळणं म्हणजेच आठवण, हे मी तुम्हाला आत्ता समजावून सांगितलं. तो मी स्वतः पाळला नाही.

२०१९ साली पुन्हा गेलो. इमारतीची मोठी दुरुस्ती झाली होती. पेट्या पंधरावीसच उरल्या होत्या, आता तारवटी विमानानं थेट गोव्याहून जहाजावर जातात. म्हातारबाबा वारले होते. वही दुरुस्तीच्या सामानात कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. माझा उच्चार सुधारणारा तो पोरगा आता व्यवस्थापक झाला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. आठ वाजता रोझरी झाली. आम्ही मिळून पाच जण. मग तो डोळे मिटून नावं म्हणू लागला, पाठ असलेली. मी बोटांवर मोजत होतो, एकतीस झाली. त्यात त्यानं म्हातारबाबांचं नाव शेवटी घेतलं. नंतर मी कागद-पेन काढलं आणि म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश.

त्या एकतीसपैकी अकरा जणांच्या दोन-दोन ओळी आतापर्यंत झाल्या आहेत. थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.