न पाहिलेला माल आणि झाडावरचं फळ : इस्लामी कायद्यातला ‘गरर’

मंडळी, आजचा विषय व्याजाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. इस्लामी अर्थव्यवहार म्हटलं की आपल्याला व्याजबंदी तेवढी आठवते. पण रोजच्या खरेदीत तिच्याहून जास्त वेळा आडवा येणारा दुसरा एक निषेध आहे, तो म्हणजे ‘गरर’. या अरबी शब्दात धोका आणि फसगत असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. काय घेतोय, किती घेतोय, ते हाती पडेल की नाही, हे ठाऊक नसताना केलेला सौदा म्हणजे गररचा सौदा.

सातव्या शतकातला अरबस्तानातला बाजार डोळ्यांपुढे आणा. खडा फेकायचा, ज्या मालावर पडेल तो तुमचा. घडी न उलगडता कापडाला नुसता हात लागला की सौदा पक्का. गाभण उंटिणीच्या पोटातल्या पिलाला पुढे जे पिलू होईल, त्याचासुद्धा व्यवहार होई! हे प्रकार हदीसमध्ये नावानिशी निषिद्ध ठरवलेत. पण माझ्या मते या विषयाचं मर्म मदिनेच्या फळबागांत आहे. पैगंबरांचे सहकारी जैद इब्न साबित यांच्या नावावरची एक नोंद बुखारींच्या संग्रहात आहे. लोक फळ तयार होण्याआधीच विकत घेत. तोडणीची वेळ आली की घेणारा म्हणे, रोग पडला, फळ गळलं, आता पैसे कशाचे? तंटे फार वाढले, तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की फळ तयार झाल्याचं दिसेपर्यंत विकू नका.

आता हे ऐकून कोकणातला माणूस कान टवकारेल. आपल्याकडे आंब्याची कलमं मोहोरावर, कधी त्याच्याही आधी, कराराने दिली जातात. मग तुडतुडे पडले, अवकाळी पाऊस झाला, की नुकसान कुणाचं? बागायतदाराचं की व्यापाऱ्याचं? अगदी हाच प्रश्न. आणि रत्नागिरी-रायगडातले कोकणी मुसलमान परंपरेने शाफई संप्रदायाचे, तर महाराष्ट्रातले बाकीचे बहुसंख्य सुन्नी हनफी. न धरलेलं फळ विकणं दोघांनाही अमान्यच. पण चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न तैमियांनी यातून एक वाट काढली : फळ विकू नका, बागच ठरावीक मुदतीसाठी भाड्याने द्या. घेणाऱ्याने झाडं राखायची, पाणी द्यायचं, येईल ते त्याचं. त्यांचं म्हणणं असं की लोकांची गरज अडवून होणारं नुकसान अनिश्चिततेच्या नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर तो गरर सोसावा. बहुतेकांनी हे मानलं नाही, हेही सांगायला हवं.

सोसावा म्हटलं, तर किती? इथे मला तेराव्या शतकातले नववी फार आवडतात. ते शाफई, सीरियाचे. निषेधाचं तत्त्व मोठं आहे असं म्हणून ते लगेच अपवाद सांगतात. डगल्याच्या अस्तरात कापूस कसला भरलाय ते दिसत नाही, तरी डगला विकतो. घर महिन्याने भाड्याने देतो, महिना एकोणतीस दिवसांचा निघो की तीस. हमामखान्यात सगळे सारखेच पैसे देतात, पण कुणी दोन तांबे पाणी घेतो, कुणी हौद उपसतो! म्हणजे किरकोळ, टाळता न येणारी अनिश्चितता चालते. २०१४ मध्ये सौदी अरेबियात सालेह अल-फौजान या ज्येष्ठ धर्मपंडितांनी ठरावीक पैशांत हवं तेवढं खाण्याचा बुफे गरर ठरवला, तेव्हा मोठी चर्चा झाली. बुफेच्या बाजूने बोलायचं, तर नववींचा हमामखाना आहेच की.

न पाहिलेल्या मालाबद्दल मात्र मतभेद खरा आहे. हनफी म्हणतात, न पाहता घ्या, पण पाहिल्यावर परत करायचा हक्क तुमचा. शाफई संप्रदायातलं प्रबळ मत असा सौदाच मानत नाही. तिथे ‘सलम’ कामी येतो. वर्णन, माप आणि मुदत पक्की करून, पैसे आधी मोजून केलेली खरेदी. ही सवलत मदिनेच्या शेतकऱ्यांसाठी होती. आज मोबाइलवर वर्णन वाचून, आगाऊ पैसे भरून साडी मागवणाऱ्यालाही तिचा आधार मिळू शकतो.

पुढचा मोठा टप्पा इस्तंबूलचा. १८६९ ते १८७६ या काळात अहमद जेवदेत पाशांच्या देखरेखीखाली ‘मेजेल्ले’ ही संहिता तयार झाली. घडवून घेण्याच्या करारात कारागीर किंवा गिऱ्हाईक माघार घेऊ शकतं का? हनफींचं जुनं प्रचलित मत ‘हो’ असं होतं. पण आता कारखान्यांतून तोफा, जहाजं करारावर बनू लागली होती. अर्ध्यात माघार म्हणजे दिवाळंच. म्हणून संहितेने आठव्या शतकातल्या अबू युसुफांचं मत उचललं : ठरल्याप्रमाणे वस्तू बनली, तर कुणालाच मागे फिरता येणार नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही १९९२ मध्ये असा करार बंधनकारक मानला. बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक करणाऱ्याला जो आधार मिळतो, तो या धाग्यातून आलेला आहे.

विम्याचं मात्र जमलं नाही. समुद्री विम्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात दमास्कसच्या इब्न आबिदीन यांच्यापुढे आला होता, त्यांनी नुकसानभरपाई घेणं नाकारलं. १९८५ मध्ये वर सांगितलेल्या अकादमीने व्यापारी विम्यात मोठा गरर आहे असा ठराव केला आणि सहकारी तत्त्वावरचा पर्याय सुचवला. सुदानमध्ये तशी कंपनी १९७९ मध्येच निघाली होती. मग मोबाइल घेताना जादा पैसे मोजून घेतलेली वाढीव वॉरंटी? विक्रेत्याने किमतीतच धरून दिलेली हमी बहुतेकांना चालते. वेगळे पैसे घेऊन दिलेली हमी विम्यासारखी, असं अनेकांचं मत. पडदा फुटला तर मिळणार, नाही फुटला तर पैसे गेले. दुकानदार ती गळ्यात मारतो तेव्हा हा वाद त्याच्या गावीही नसतो.

वेळ होत आला. मोबाइल गेममधली पैसे भरून उघडायची पेटी गरर की जुगार, असा प्रश्न मघाशी एका मुलाने चिठ्ठीवर पाठवलाय. पैसे द्यायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. खडा फेकण्याचा सौदा आठवतोय ना? तिथूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.