स्कूबा साधने : परिभाषा

श्वसनासाठी लागणारा वायू पाठीवर घेऊन पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या साधनांची रूढ नावे. ‘स्कूबा’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे लघुरूप असून ते घडवल्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन वैद्य ख्रिश्चन लँबर्टसन यांना देतात. त्यांचे उपकरण मात्र प्राणवायूवर चालणारे, बंद मंडलाचे होते. आज प्रचलित असलेले उघड्या मंडलाचे साधन झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केले.

सिलिंडर : अमेरिकेत ‘टँक’, ब्रिटनमध्ये ‘सिलिंडर’ किंवा ‘बॉटल’. अमेरिकन माणूस ‘अ‍ॅल्युमिनियम ८०’ म्हणतो, तेव्हा ८० हा आकडा भरलेली हवा मोकळी केल्यास होणाऱ्या घनफुटांचा असतो. यूरोपात त्याच सिलिंडरला आतील पोकळीवरून ‘११ लिटर’ म्हणतील. तारकर्ली-मालवणच्या बातम्यांत हटकून येणारा ‘ऑक्सिजन सिलिंडर’ हा शब्द चुकीचा आहे. आत गाळून दाबाने भरलेली साधी हवा असते. शुद्ध प्राणवायू सु. ६ मी.पेक्षा खोल पाण्यात घातक ठरू शकतो.

झडपा : ‘के’ झडप म्हणजे साधी उघड-मीट करणारी. ‘जे’ झडपेत स्प्रिंग असते. सिलिंडरमधील दाब ठरावीक पातळीखाली गेला की स्प्रिंग हवेची वाट अडवू लागते व श्वास ओढणे जड जाते. मग पाणबुड्या कमरेजवळ आलेली तार खाली खेचतो, झडपेची दांडी फिरते आणि राखीव हवा सुटते. धक्क्याने दांडी आधीच खाली आलेली असेल, तर राखीव हवा नकळत वापरून झालेली असते आणि तार खेचूनही काही मिळत नाही. पाण्यात वाचता येणारे दाबमापक रुळल्यावर ‘जे’ मागे पडली. ही अक्षरे १९५०च्या दशकातील एका विक्रेत्याच्या मालसूचीतील क्रमाक्षरे असल्याचे सांगतात.

झडपेला रेग्युलेटर जोडण्याच्या पद्धती दोन. ‘योक’ – ब्रिटिश बोलीत ‘ए-क्लँप’ – झडपेवर बाहेरून आवळतात. ‘डिन’ आट्यांनी आत बसते. योकमध्ये रबरी ओ-रिंग झडपेच्या तोंडाशी असते व ठोकर लागल्यास निसटू शकते. डिनमध्ये ती आत बंदिस्त राहते. डिन हे जर्मन मानक संस्थेच्या नावाचे लघुरूप.

रेग्युलेटर : ‘फर्स्ट स्टेज’ सिलिंडरचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा सु. १० बार जास्त एवढा खाली आणतो. तोंडातला ‘सेकंड स्टेज’ तो भोवतालच्या दाबाइतका करतो. जोडीदारासाठी ठेवलेला, बहुधा पिवळा, जादा सेकंड स्टेज म्हणजे ‘ऑक्टोपस’.

तरण-जाकीट : ‘बीसीडी’, ब्रिटनमध्ये ‘स्टॅब जॅकेट’. गळ्यात घालायच्या जुन्या प्रकाराला फ्रेंच निर्मात्यावरून ‘फेन्झी’ म्हणत.

मास्क : यात नाक झाकलेले असते, पोहण्याच्या गॉगलात नसते.

सूट : वेटसूटमध्ये पाणी शिरते, ड्रायसूटमध्ये नाही.