प्रश्नचिन्हांची यादी

काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या सभासदांची यादी करायला घेतली होती. प्रत्येक नाव देवनागरीत आणि उर्दूतही हवे होते. मी लिनक्सवर सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर उमटली ती नुसती प्रश्नचिन्हे. शेजारी बसलेले निवृत्त हेडमास्तर चाचा म्हणाले, "बेटा, आमची नावं कुठं गेली?"

या प्रश्नाला इतिहास आहे. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषा घडवली, तेव्हा अक्षरे म्हणजे प्रामुख्याने आस्की. तिच्यात जागा 128, त्याही इंग्रजीपुरत्या. 1989 च्या प्रमाणकात 'डब्ल्यूचार-टी' हा रुंद अक्षरांचा प्रकार आला. पण अशा अक्षरांची हवी तशी मांडणी करून छापणारे 'डब्ल्यूप्रिंटएफ' यायला 1995 ची दुरुस्ती उजाडली.

आपल्याकडे 1991 मध्ये 'इस्की' हे भारतीय प्रमाणक ठरले. ते ब्राह्मीच्या कुळातल्या लिप्यांसाठी होते. उर्दूच्या लिपीसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'पास्की' हे वेगळे कोष्टक केले. आपल्या घरांत एकाच कपाटात राहणाऱ्या दोन लिप्या संगणकात अशा वेगळ्या पडल्या. त्याच 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात दोघींना जागा मिळाली.

मग माझी नावे का हरवली? चूक माझीच होती. सीचा प्रत्येक प्रोग्राम सुरू होतो तो 'सी' नावाच्या मूळ लोकेलमध्ये. सुरुवातीलाच 'सेटलोकेल' बोलावून यंत्रणेची भाषा स्वीकारावी लागते. मी ते केले नव्हते. शिवाय एकाच प्रवाहावर प्रिंटएफ आणि डब्ल्यूप्रिंटएफ मिसळले होते. प्रवाहाची जात पहिल्या वापरातच ठरते, नंतर बदलत नाही.

दोन्ही दुरुस्त केल्यावर नावे उमटली, पण रकाने वाकडे. 'मुल्ला' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरे. युनिकोडच्या हिशेबात सहा संकेत. यूटीएफ-8 मध्ये 18 बाइट. डब्ल्यूप्रिंटएफ संकेत मोजते, डोळ्यांना दिसणारी अक्षरे नाही. रकाने शेवटी हातानेच सरळ केले.

चाचांनी यादीवर बोट फिरवत आपले नाव दोन्ही लिप्यांत वाचले. तेव्हापासून कुठल्याही कागदावर कुणाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसले, की मी तो कागद परत करतो आणि नाव नीट छापून मागतो. तुम्हीही मागा.