एक ना धड? बाबासाहेबांच्या दुहेरी अभ्यासाची गोष्ट

मी सकाळी लॉ कॉलेजला जातो आणि सोबत दूरस्थ पद्धतीने इतिहासात एम.ए. करतोय. परवा जेवताना बाबा म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आजचा भाग म्हणजे त्याच उत्तराचा शोध.

चला, १९१६ च्या लंडनमध्ये जाऊ. कोलंबिया विद्यापीठातून आलेले पंचविशीतले भीमराव आंबेडकर एकाच वर्षी दोन ठिकाणी नाव घालतात. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन. आता हे ग्रेज इन म्हणजे नेहमीसारखं कॉलेज नव्हे. तिथे परीक्षा तर होत्याच, शिवाय दर सत्रात ठरावीक वेळा इनच्या भोजनाला हजेरी लावावी लागे. हो, जेवणाचीसुद्धा हजेरी!

पण वर्षभरातच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. प्रबंधासाठी चार वर्षांची सवलत तेवढी मिळाली. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, तर तिथे राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहिले. तिथूनही जमावाने हुसकावलं. कोलंबियाची एम.ए. हातात होती, पण डोक्यावर छप्पर नव्हतं.

मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी सुधारून मागितला. तोवर पैसे संपत आले होते. भारतात येऊन त्यांनी तो दुरुस्त केला आणि १९२३ मध्ये ती पदवीही मिळाली.

मला विचाराल, तर इथे पदव्या मोजण्यात अर्थ नाही. कोणती पदवी कशासाठी, ते बघा. अर्थशास्त्राने त्यांना राज्याच्या तिजोरीचा हिशेब वाचायला शिकवलं. वकिलीने पोट भरण्याचं स्वतंत्र साधन दिलं, कुणाच्या नोकरीवर अवलंबून न राहता बोलायची मोकळीक दिली. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर चवदार तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला, तेव्हा ते स्वतः प्रतिवादी होते. ती लढाई दहा वर्षं चालली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली आहे. पण कायद्याच्या पदवीला बार कौन्सिलचे २००८ चे नियमही लागतात. त्यात एलएल.बी.सोबत दुसरा नियमित अभ्यासक्रम चालत नाही. दूरस्थ अभ्यासक्रमाला सूट आहे, आणि पाच वर्षांचा एकत्रित बी.ए. एलएल.बी. तर आहेच. प्रवेश घेण्याआधी ताजे नियम स्वतः वाचा, मित्राच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

आणि बाबा, तुम्ही हे ऐकत असाल तर सांगतो: चिंध्या तर चिंध्या. पण कशासाठी जोडायच्या हे ठाऊक असलं, की त्यांचीच गोधडी होते.

भेटू पुढच्या भागात!