टायर फुटतो तेव्हा

अपघाताच्या बातमीतलं एक वाक्य आता आपल्याला इतकं पाठ झालं आहे, की आपण तिथे थांबतच नाही : 'टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.' जणू वीज कोसळावी तसा टायर फुटतो. त्याला कुणी काय करणार! २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, मोटार खोल खड्ड्यात गेली आणि आतले एक तरुण गृहस्थ दगावले. विमा कंपनीचं म्हणणं असं, की ही देवाची करणी आहे, भरपाई आमच्याकडे मागू नका. न्यायालयाने ते मानलं नाही. देवाची करणी म्हणजे जिचा अंदाजच करता येत नाही अशी नैसर्गिक आपत्ती. टायर फुटतो तो जादा वेगाने, हवा कमी किंवा अधिक झाल्याने, जुना टायर वापरल्याने; म्हणजे माणसाच्या हलगर्जीपणाने. सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम झाली.

ती गाडी लहान होती. मालट्रकच्या बाबतीत हा हलगर्जीपणा एकट्याचा नसतो. तो वर्षानुवर्षं, अनेक हातांनी मिळून तयार होतो. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक रस्त्यावर येऊ लागले. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो तयार होत, मद्रासकडे लेलँड. पण कारखान्यातून निघायची ती बहुतेक वेळा नुसती चासी : इंजिन, चौकट, चाकं. ड्रायव्हर उघड्या चासीवर फळी टाकून, तोंडाला फडकं बांधून ती शेकडो मैल चालवत आणायचा. बॉडी बांधायचा तो गावातला मिस्त्री. लाकडी फळ्या, लोखंडी पट्ट्या, वर नक्षी आणि रंग. ही कारागिरी कौतुकाचीच होती. मात्र चासीचा हिशेब जर्मनीच्या इंजिनिअराने केलेला आणि वरच्या बॉडीचा हिशेब मालकाच्या धंद्याने, अशी दुहेरी वहिवाट तिथून सुरू झाली.

मालक मिस्त्रीला म्हणायचा, 'फळके हातभर वाढव.' फळके वाढले की माल वाढला. माल वाढला की मागचे पाटे दबले. मग पाटेवाल्याकडे जाऊन दोन पाटे जादा घालून घ्यायचे. हा सगळ्यात साधा बदल, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. कारण दबलेला पाटा ही गाडीची तक्रार असते. जादा पाटे घातल्यावर गाडी ताठ उभी राहते, ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे. अ‍ॅक्सल तोच, रिम तीच, ब्रेक तेच, टायरही तेच. फक्त तक्रार बंद झालेली.

त्यात मागची चाकं जोडीची. आतल्या टायरची हवा उतरली तर बाहेरून कळत नाही, आणि त्याचा भार मुकाट्याने शेजारच्यावर येतो. दुप्पट भाराचा टायर तापत जातो. पूर्वी ढाब्यावर गाडी थांबली, की क्लीनर टॉमी घेऊन सगळ्या टायरांवर ठोकत फिरायचा. भरल्या टायरचा आवाज वेगळा, उतरलेल्याचा वेगळा. दहा सेकंदांची ही तपासणी आता बऱ्याच गाड्यांवर होत नाही, कारण क्लीनरच नसतो. हमरस्त्याच्या कडेला टायरची लांबलचक सालं पडलेली दिसतात, ती अशाच तापलेल्या टायरांची. दोष सगळा रिमोल्डला देऊ नये. चांगल्या टायरवर नीट चढवलेला रबर पुष्कळ चालतो. थकलेल्या, चिरलेल्या टायरवर चढवलेला चालत नाही.

आणखी एक वस्तू म्हणजे रिंग. जुन्या पद्धतीच्या चाकात टायर रिमवर अडकवून वरून लोखंडी रिंग बसवतात. ती वाकलेली किंवा गंजलेली असेल, नीट बसली नसेल, तर हवा भरताना तोफगोळ्यासारखी उडते. अमेरिकेत १९८० मध्ये कामगार सुरक्षेच्या नियमांनी असं चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरण्याची सक्ती केली. आपल्याकडे पंक्चरवाला पोरगा रिंगवर पाय देऊन हवा भरताना आजही दिसतो.

चाकाचे नट तर कुणाच्या खिजगणतीतही नसतात. जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्याचे नट असत, म्हणजे चाक फिरताना नट सैल न होता आवळला जाई. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन्ही बाजूंना सरळ आटे येऊ लागले, आणि ब्रिटनमध्ये चाकं निखळण्याची चर्चा सुरू झाली. निखळणारी चाकं मुख्यतः डावीकडची! शिवाय चाक आणि हब यांच्यामध्ये गंज किंवा रंगाचे थर असले, की ते दबतात आणि आवळलेला नट ढिला पडतो. दर दिवाळीला चाकं रंगवणाऱ्या आपल्या मंडळींना हे कुणी सांगितलेलं नसतं. चाक बदलल्यावर थोडं अंतर जाऊन नट पुन्हा आवळायचे, हेही नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९५ च्या सुमारास ट्रकची निखळलेली चाकं समोरच्या मोटारींवर आदळून माणसं मेली. लोक संतापले. १९९७ मध्ये तिथे कायदा झाला : ट्रकचं चाक निखळलं, की तोच गुन्हा. 'मी सगळी काळजी घेतली होती' हा बचाव चालत नाही. दंड २,००० ते ५०,००० डॉलर. वाहतूकदार न्यायालयात गेले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला.

आपला इतिहास उलट दिशेने गेला. काही राज्यांनी ठरावीक रक्कम आधीच भरून घेऊन जादा भाराला मुभा देण्याची सोयच करून ठेवली होती! नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. दंड भरला तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाता कामा नये, असं बजावलं. २०१८ मध्ये केंद्राने भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन. कागदावरचा आकडा वाढला, जुन्या गाडीचं लोखंड तेवढंच राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २,००० वरून २०,००० रुपये झाला, वर जादा टनामागे २,००० वेगळे. गाडीत परस्पर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, हेही त्याच वेळी आलं.

वजनकाट्यावर माल मोजला जातो. पाटे मात्र कुणी वाकून मोजत नाही.