तटबंदीबाहेरचे मैदान

मुंबईत चर्चगेट आहे, पण तेथे दरवाजा नाही. बझारगेट हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्या दरवाजाचाही दगड शिल्लक नाही. रॅम्पार्ट रो म्हणजे तटाच्या कडेची ओळ. तिचेही नाव सरकारदरबारी केव्हाच बदलले, आणि तट तर त्याच्याही फार पूर्वी गेला. नगरातील इमारती नाहीशा होतात तेव्हा पुष्कळदा त्यांची नावेच तेवढी मागे राहतात, आणि ती नावे घेणाऱ्या हजारो लोकांपैकी एखाद्यालाच त्यांचा मूळ अर्थ आठवतो. मुंबईच्या बाबतीत मात्र नाहीशा झालेल्या तटबंदीने नावांखेरीज आणखी एक वारसा मागे ठेवला. तो म्हणजे मोकळी जागा. या देशातील क्रिकेटचा पहिला अध्याय त्या मोकळ्या जागेवर लिहिला गेला, आणि त्या जागेवर कोणी खेळावे व कोणी खेळू नये या वादात शहराच्या समाजजीवनाचा एक मोठा भाग उमटला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मुंबईच्या कोटाला तट बांधला गेला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस सेंट टॉमसच्या देवळावरून नाव पडलेले चर्चगेट आणि उत्तरेस बझारगेट. पुढे 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मराठ्यांची स्वारी आता मुंबईवर येणार या भीतीने शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी जमवून तटाभोवती खंदक खणण्यास हातभार लावला. मराठे आले नाहीत. पण खंदक राहिला. तोफांचा मारा निर्वेध व्हावा म्हणून तटाबाहेरची झाडी आणि घरे काढून टाकण्यात आली, आणि 1803 च्या फेब्रुवारीत कोटात लागलेल्या प्रचंड आगीनंतर हे मोकळे रान आणखी वाढविण्यात आले. यालाच इंग्रज एस्प्लनेड म्हणत. एका न आलेल्या शत्रूसाठी राखलेली ही जागा पुढे शतकभर शहराची फुप्फुसे होऊन राहिली, ही इतिहासातील एक गंमतच म्हणावयाची.

या मैदानावर एक विलक्षण वस्ती दरवर्षी उभी राही आणि दरवर्षी नाहीशी होई. उन्हाळा लागला की कोटातील उकाड्याला कंटाळलेले युरोपियन लोक येथे तंबू ठोकीत. काही जण हलक्या सामानाचे तात्पुरते बंगलेही उभारीत. समुद्रावरचा वारा खात दोन-तीन महिने काढावयाचे आणि पावसाळा तोंडावर आला की सारे बिऱ्हाड उतरवून परत कोटात जावयाचे, असा क्रम होता. मुंबईच्या नाहीशा झालेल्या इमारतींची यादी कोणी केली तर दरवर्षी मोडल्या जाणाऱ्या या बंगल्यांना तीत पहिले स्थान द्यावे लागेल.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले, त्या सुमारास कोटाचा तट पाडण्यास प्रारंभ झाला होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने हे काम हाती घेतले. कापसाच्या पैशाने शहर फुगले होते, आणि तटाच्या आत हवा नव्हती. काही वर्षांतच तीनही दरवाजे गेले, खंदक बुजला आणि त्या पट्ट्यावर सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट यांची भव्य रांग उभी राहिली. चर्चगेट होते त्या जागेपाशी फ्लोरा फाउंटन आले. जुन्या कोटाचा एक लहानसा तुकडा तेवढा सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात अजून उभा आहे. एस्प्लनेडचेही तुकडे पडले. आज ज्यांना ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज म्हणतात ते त्या एका विस्तीर्ण मैदानाचेच अवशेष होत.

या मैदानावर एतद्देशीयांपैकी प्रथम बॅट हाती घेतली ती पारशी तरुणांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 साली निघाला. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब 1866 चा. त्यानंतर क्लबांचे पेवच फुटले, आणि हिंदूंच्या क्लबांची घडण पाहिली तर जातिव्यवस्था जणू पांढरे कपडे घालून मैदानावर उतरली होती. प्रभूंचा क्लब वेगळा, सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा व तेलुगू मंडळींचा आणखी वेगळा. या क्लबांपाशी ना इमारत होती ना कुंपण. मैदानावर जागा मिळेल तेथे यष्ट्या रोवावयाच्या, एवढेच.

युरोपियनांनी 1875 साली बॉम्बे जिमखाना स्थापिला. त्याला मैदानाच्या दक्षिण भागातील जागा मिळाली, आणि त्याच्या आत गोऱ्यांखेरीज कोणासही प्रवेश नव्हता. एवढ्यावरच थांबते तर तक्रार झाली नसती. परंतु जिमखान्याच्या सभासदांना पोलो खेळावयाचा असे, आणि स्वतःच्या हिरवळीवर घोडे नाचविण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून आठवड्यातून दोनदा ते एतद्देशीयांच्या मैदानावर पोलो खेळत. त्या दिवशी खेळ बंद पडे आणि पुढल्या दिवशी घोड्यांच्या टापांनी जागोजाग उखणलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल हे देवालाही सांगता येत नसे. ऑक्टोबर 1881 मध्ये साडेचारशेहून अधिक हिंदू, पारशी व मुसलमान खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याजकडे अर्ज केला की पोलो कूपरेजवर न्यावा. या चळवळीचा पुढारी शापुरजी सोराबजी हा पारशी क्रिकेटपटू होता. त्यानेच पुढे 1897 साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला. सरकारने 1882 मध्ये अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी, जिमखान्याने आपले गाऱ्हाणे घातल्यावर, तो फिरविला.

ही घटना काँग्रेसच्या स्थापनेपूर्वीची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तीन समाजांचे लोक एका मागणीसाठी एकत्र आले, त्यांनी सनदशीर अर्ज केला, युक्तिवाद केला आणि ते हरले. पुढील काळातील राजकारणाची ही लहानशी तालीमच मैदानावर होऊन गेली.

परंतु ज्या तिघांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या त्यांना सरकारने दिलेली भरपाई तीन निरनिराळ्या तुकड्यांत आली. केनेडी सी-फेसवर, समुद्राच्या अगदी काठी, भरणी घालून काढलेली जागा 1887 साली पारशी जिमखान्यास मिळाली. लॉर्ड हॅरिस हा इंग्लंडचा माजी क्रिकेट कर्णधार गव्हर्नर होऊन आल्यावर इस्लाम जिमखाना व हिंदू जिमखाना यांनाही लागूनच जागा देण्यात आल्या. परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना 1894 साली सुरू झाला. त्या काळी या जिमखान्यांच्या समोर सरळ समुद्र होता. पुढे 1930 च्या सुमारास मरीन ड्राइव्हचे काम झाले आणि समुद्र रस्त्यापलीकडे गेला. पण शेजारी शेजारी बसलेल्या या संस्थांची रांग आजही तशीच आहे. मैदानाची वाटणी धर्मावर झाली, आणि स्पर्धांची वाटणी त्यापाठोपाठ आली. युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने आधीच चालू होते. 1907 साली हिंदू आले आणि तिरंगी झाली, 1912 साली मुसलमान आले आणि चौरंगी झाली.

हिंदूंचा युरोपियनांशी पहिला मोठा सामना मात्र फेब्रुवारी 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. ज्या कुंपणाआड एरवी पाऊल टाकण्याची मुभा नव्हती तेथे हिंदूंचा संघ 109 धावांनी जिंकला. या संघात पळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम ते महिना चार रुपयांवर करीत आणि जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकीत. ते पुण्याच्या हिंदू संघात आले तेव्हा चेंडू सर्वांच्या हातून फिरे, परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. खेळपट्टीवर विटाळ नव्हता. तो सीमारेषेवर सुरू होत असे. मुंबईच्या जिमखान्यातही त्यांना घेण्यास काही सभासदांनी विरोध केला होता. 1906 च्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने या बंधूंच्या समावेशाकडे सामाजिक सुधारणेचे पाऊल म्हणून बोट दाखविले. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. 1920 साली त्यांना वगळले आणि धाकट्या विठ्ठलरावांचीही ज्येष्ठता डावलली, तेव्हा भावांनी संघातून अंग काढून घेतले. कर्णधारपद अखेर 1923 साली विठ्ठलरावांना मिळाले. संघ जिंकला आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलले. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे मराठीतले आत्मचरित्र 1948 साली निघाले. मैदानांचा इतिहास बहुधा धावफलकावरून लिहिला जातो. सीमारेषेबाहेर काय घडत होते हे जाणावयाचे तर असे पुस्तक चाळावे लागते.

बॉम्बे जिमखान्याचे मैदान आज पाहणाऱ्याला त्याचे पूर्वीचे रूप डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते. कायमची प्रेक्षागारे तेथे कधीच नव्हती. सामन्यासाठी कापडी मंडप व लाकडी पायऱ्या उभारल्या जात, आणि सामना संपला की मोडल्या जात. ज्यांना तिकीट परवडत नसे ते झाडांवर चढत. 1 डिसेंबर 1926 रोजी कर्नल सी. के. नायडू यांनी एम. सी. सी. विरुद्ध हिंदूंच्या बाजूने 153 धावा काढल्या, त्यांत अकरा षट्कार होते. त्याच महिन्यात त्याच मैदानावर प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी 148 धावा केल्या. भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना 15 डिसेंबर 1933 रोजी येथेच सुरू झाला. इंग्लंडने तो नऊ गडी राखून जिंकला खरा, पण लक्षात राहिले ते लाला अमरनाथ यांचे 118. त्यानंतर या मैदानावर एकही कसोटी सामना झाला नाही.

कारण मुंबईला आता स्वतःचे क्रीडागृह हवे होते. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबोर्न स्टेडियम बांधले. त्याचे उद्घाटन 7 डिसेंबर 1937 रोजी झाले. कुंपणाआडच्या गोऱ्या जिमखान्याची सद्दी संपली. परंतु त्याच वर्षी आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेवर बहिष्कार घातला. त्याच वर्षी ‘शेष’ नावाचा पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे सारे उरलेले त्यात. 1943 च्या अंतिम सामन्यात या संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांनी काढल्या, तरीही त्यांचा संघ एक डाव 61 धावांनी हरला. गांधीजींनी 1940 मध्येच जमातवार क्रिकेटविषयी नापसंती व्यक्त केली होती. स्पर्धा 1946 मध्ये बंद पडली. तोपर्यंत देशात जे वातावरण पेटले होते त्यात ती चालू राहणे शक्यही नव्हते, इष्टही नव्हते.

आसनांचा वाद मात्र पुन्हा उद्भवला. या वेळी तो क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात होता. त्याची परिणती अशी झाली की ब्रेबोर्नपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. ब्रेबोर्न पाडले गेले नाही, पण 1973 नंतर तेथे कसोटी सामना व्हावयास डिसेंबर 2009 उजाडावे लागले. वानखेडेचे मूळ रूपही 2011 च्या विश्वचषकासाठी पालटले; जे प्रेक्षागार 1975 साली नवे म्हणून लोक पाहावयास गेले, त्याचा पुष्कळसा भाग आता छायाचित्रांतच उरला आहे.

बॉम्बे जिमखान्याच्या शेजारचे सार्वजनिक मैदान, जेथे 1881 साली पोलोच्या घोड्यांवरून भांडण झाले, त्याला आज आझाद मैदान म्हणतात. तेथे एकाच वेळी अनेक सामने चालतात. सीमारेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. शालेय हॅरिस ढालीतील सामन्यात फेब्रुवारी 1988 मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी 664 धावांची भागी केली ती याच मैदानावर. सामन्याला प्रेक्षागार नव्हते. पलीकडे, कुंपणाआड, जिमखान्याचे मैदान होते. आणि अलीकडे, ज्याला जेथे जागा मिळाली तेथे त्याने यष्ट्या रोवल्या होत्या.